मदत हवी आहे: लो कार्ब चार महिने छान चाललं, श्रावणात मोडतंय

नमस्कार, मी ४३ वर्षांची, उंची ५ फूट २ इंच. मार्चमध्ये वजन ८१ किलो होतं आणि एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिस आहे, आत्ताच आवरा. माझ्या आईला डायबेटिस होता, तिच्या पायाची जखम भरायला किती महिने लागले ते मी रोज ड्रेसिंग करताना बघितलंय, त्यामुळे त्याच दिवशी ठरवलं. गोळी चालू नाही, डॉक्टरांना विचारूनच भात, पोळी, साखर, बटाटा बंद केला.

सकाळी दोन अंडी, दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी, भरपूर पालेभाजी आणि वाटीभर दही, रात्री चिकन किंवा पनीर आणि कोशिंबीर, असं चालू होतं. पहिल्या आठवड्यात डोकं दुखायचं, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, ताकात मीठ घालून प्यायला लागले तेव्हा थांबलं. दोन आठवड्यांत ३ किलो गेले, नंतर कळलं की त्यात बरंचसं पाणीच असतं, ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) संपलं की त्याने धरून ठेवलेलं पाणीही जातं. तरी चिकाटीने जुलैपर्यंत ७४ वर आले. जिना चढताना दम लागत नाही, झोप छान लागते.

आता श्रावण लागला आणि घरात अंडी-चिकन बंद, म्हणजे माझं निम्मं प्रोटीनच गेलं. त्यात सोमवार. लग्नापासून करतेय, सोडायचा नाहीये. सासूबाई आदल्या रात्री आठवणीने साबुदाणा भिजवतात, सकाळी मी ऑफिसला निघायच्या आत गरम खिचडी, वर दही, सगळं हातात आणून देतात. त्या ७२ वर्षांच्या आहेत, त्यांना नको कसं म्हणू? आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, दुपारी परत भूक लागते, मग वेफर्स, मग संध्याकाळी वरई. खरा प्रॉब्लेम मंगळवारी होतो, गोडाची भयंकर इच्छा होते आणि वाटतं आता आठवडा गेलाच, मग गुरुवारपर्यंत पोळी-भात सगळं चालू राहतं. नागपंचमीला पुरणाचे दिंड खाल्ले त्याचं काही नाही, सण आहे, पण नंतरचे तीन दिवस का सावरता येत नाही? वजन ७५.५ झालंय.

दीड किलोपेक्षा जास्त त्रास याचा होतोय की सकाळी उठून काट्यावर उभं राहायचीच इच्छा होत नाही. सप्टेंबरमध्ये परत रक्त तपासायचंय आणि त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची साखरेची सरासरी दिसते.

उपवासाला शेंगदाण्याची आमटी, पनीर, काकडीची दाण्याचं कूट घालून कोशिंबीर एवढंच सुचतंय. राजगिऱ्यातही कार्ब्स आहेत पण निदान प्रोटीन तरी आहे, थोडा चालेल का? श्रावणात शाकाहारी राहून लो कार्ब कोणी केलंय का, दिवसभराचं काय खाता ते सविस्तर लिहाल का? आणि उपवासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गोष्ट काय खाल्ली की गाडी रुळावर येते? सासूबाईंना न दुखावता कसं सांगायचं हेही कोणी अनुभवाने सांगितलं तर फार बरं होईल, रविवारी रात्री त्या परत साबुदाणा भिजवतील, त्याच्या आत मला बोलायचंय.