उबंटूवर टेस्ट पास, रास्पबेरी पायवर फेल, काऊन?

बर्डीवाला: भाऊ लोक, सी भाषेचा छोटा कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा) लिहून राहिलो, एक्स८६ (माझा लॅपटॉप) अन् एआरएम (रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर) दोन्ही प्रोसेसरसाठी. टेस्ट स्क्रिप्ट माझं आउटपुट त्याच मशीनवरच्या जीसीसी या तयार कंपायलरशी ताडून बघते, माझ्या उबंटू लिनक्सच्या लॅपटॉपवर सगळं हिरवं पण पायवर फेल अन् मित्राच्या मॅकवर तर स्क्रिप्टच मरते, आता चूक कंपायलरची की टेस्टची?

धरमपेठकर: कॅरमध्ये (सीमधला एका बाइटचा प्रकार) -१ टाकून प्रिंट केलंय का कुठं? एक्स८६ लिनक्सवर कॅर साइन्ड (ऋण आकडे घेणारा) असतो, एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड (ऋण न घेणारा), म्हणून तिथं जीसीसी २५५ दाखवतो. सीच्या स्टँडर्डला (भाषेच्या अधिकृत नियमांना) दोन्ही चालतं. टेस्टमध्ये सरळ साइन्ड कॅर लिही. लाँगचंही (मोठ्या पूर्णांकाचा प्रकार) तेच, ६४ बिट लिनक्सवर ८ बाइट, विंडोजवर ४.

कूलरसमोर: त्या टेस्ट पायवर स्किप कर ना बे, सबमिशन आधी.

धरमपेठकर: स्किप कर पण कारण लिहून. जीसीसीवाले टेस्ट फाइलीतच अट टाकतात, की लाँग अन् पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ६४ बिटचे असतील तरच चालव. नुसतं एआरएम दिसलं की स्किप, हे म्हणजे ताप लपवायला थर्मामीटर फोडणं.

महालची_पोट्टी: मॅकचं वेगळं आहे. स्क्रिप्टमध्ये सेड -आय (फाइलीतला मजकूर जागच्या जागी बदलणारी कमांड) असेल बघ, मॅकच्या सेडला त्याच्यापुढं बॅकअपचं एक्स्टेन्शन द्यावंच लागते, रिकामं का असेना, नाहीतर तो तुझी कमांडच एक्स्टेन्शन समजून गिळते. टेम्प (तात्पुरत्या) फाइलीत लिहून एमव्ही कमांडनं मूळ फाइलीच्या जागी हलव, दोन्हीकडं चालते.

बर्डीवाला: सेडच निघाला ताई! कॅरवाल्या टेस्ट आता बदलतो.