बीफस्टेक टोमॅटो : तुमच्याकडे कोणता टिकला? (अनुभव धागा)

नावावर जाऊ नका, आमचं घर पक्कं शाकाहारी आहे. बीफस्टेक म्हणजे तो चपटा, फुगलेला, देठाशी चुण्या पडलेला टोमॅटो. आडवा कापला की आत दोन-तीन मोठे कप्पे नसतात, बारीक बारीक पुष्कळ असतात आणि बाकी नुसता गर. एका चकतीत ब्रेडची स्लाइस झाकली जाते. मी इंदूरला सुदामानगरात, गच्चीवर, तीन हिवाळे या नादात घालवलेत.

पहिल्या वर्षी ब्रँडीवाइन लावला. गुलाबी फळ, बटाट्यासारखी पानं, चवीला जगभर नाव. रोप लावल्यापासून फळ पिकायला 80-90 दिवस घेतो, हे पाकिटावर लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही. बिया पेरल्या दसऱ्याला. फुलं आली ऐन थंडीत. रात्र 10 अंशांपर्यंत उतरली की टोमॅटोचं परागण नीट होत नाही, फूल देठावरच्या गाठीपाशी पिवळं पडतं आणि गळतं. सकाळी चहा घेऊन वर जावं, तर पारिजातकाखाली पडावा तसा कुंडीभोवती सडा! अख्ख्या हंगामात दोन टोमॅटो. बायको म्हणाली, "खताच्या पैशांत मंडईतून पोतंभर आले असते."

पुढच्या वर्षी जुलैअखेर पेरलं, पावसाच्या झडीत रोपं पत्र्याखाली सांभाळली, सप्टेंबर लागताच मोठ्या कुंडीत हलवली. डिसेंबरात पहिलं फळ उतरवलं : 412 ग्रॅम. खाली तपकिरी टाके घातल्यासारखे व्रण होते, पण आत लोण्यासारखं. झाडावर एकूण सात फळं. म्हणून विचारतोय : जात कोणती, पेरलं कधी, कुंडी की वाफा? वजन खरं सांगा.

लष्करवाली, ग्वाल्हेर
तुमचे 10 अंश म्हणजे आमच्याकडे उबदार रात्र हो! जानेवारीत कोहरा पडला की ऊन दिसायची मारामार, आणि एप्रिलपासून लू. मधे जी फट सापडते तिच्यात 90 दिवसांची जात कशी बसवायची? मी ब्रँडीवाइनचा नाद सोडून मार्मांद लावते. फ्रान्सची जुनी जात, लवकर येते, गारव्यात त्यातल्या त्यात बरी धरते. फळ अडीचशे ग्रॅमच्या वर क्वचितच, पण झाड भरतं.

एक मात्र. सासूबाईंनी त्याचं सार केलं आणि ताट सरकवून म्हणाल्या, "आंबटपणा कुठे गेला?" बरोबरच होतं. टोमॅटोचा आंबटपणा बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात जास्त, आणि बीफस्टेकमध्ये तोच कमी. साराला देशीच हवा. कोशिंबिरीला मात्र हा, पाणी कमी सुटतं.

मांडवीजवळचा, वडोदरा
आमची अडचण उलटी. ऑक्टोबरातही रात्री गरम, फुलं त्यानेही गळतात. मी नोव्हेंबरात रोपं लावतो. पण माझा खरा शत्रू पांढरी माशी, पानं चुरडणारा विषाणू तीच आणते. चेरोकी पर्पलची पाच रोपं होती. हा टेनेसीचा, 1990 साली एका बीजसंग्राहकाकडे टपालाने आला आणि तिथून पसरला, हे वाचूनच मागवला होता. शेंडे चुरडले, पानं वाटीसारखी वर वळली, वाढ थांबली. निंबोळी तेल फवारून माशी हटली, आत गेलेला विषाणू थोडाच हटतो? चार उपटली. पाचवं वाचलं, त्याची तीन फळं खाल्ली. जांभळट, थोडी धुरकट चव... त्या तीन फळांसाठी यंदा पुन्हा लावतोय, पण बारीक जाळीच्या आत.

काळी माती, इंदूर
जाळीचा उपद्व्याप नको असेल तर बंगळूरच्या संस्थेचा अर्का रक्षक लावा. पर्णगुच्छ (हाच तो पानं चुरडण्याचा रोग), मर आणि करपा, तिन्हींना दाद देत नाही.

सुदामानगर (मीच)
तो बीफस्टेक नाही पण. 

काळी माती, इंदूर
नसेना, टोमॅटो तर आहे! बरं, बीफस्टेकच हवा तर बिग बीफ. संकरित आहे, जुन्या जातींपेक्षा फळं भरपूर. फक्त त्याचं बी धरू नका, मी धरलं होतं. पुढच्या वर्षी चार झाडांवर चार तऱ्हेची फळं.

आणि काळ्या मातीत लावणाऱ्यांनो, आधी भेगा पडेपर्यंत कोरडं ठेवायचं आणि मग बादलीभर ओतायचं, असं करू नका. फळाचं बूड काळं पडतं. लोक अंड्याची टरफलं टाकतात. बहुतेकदा कॅल्शियम मातीत असतं, पाणी एकसारखं नसल्यामुळे फळापर्यंत पोचत नाही.

गच्चीवरची मावशी, इंदूर
माझं रडगाणं छोटं आहे. ऑनलाइन 'मॉर्गेज लिफ्टर' मागवला. अमेरिकेत एका रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याने याची रोपं विकून घराचं कर्ज फेडलं म्हणतात. मी हौसेने सहा फुटी बांबू रोवले, सुतळीचा मंडप केला. लागले काय? बोराएवढे चेरी टोमॅटो. नातू खूश, मी बांबूंकडे बघत बसते.

सुदामानगर (मीच)
मावशी, माझ्याकडे त्या 412 ग्रॅमवाल्याचं बी आहे. दोन दिवस पाण्यात आंबवून, धुऊन, स्टीलच्या ताटलीत वाळवलंय. ब्रँडीवाइन संकरित नाही, तेव्हा जात तीच येईल. रविवारी या, बांबू वाया जाणार नाहीत. दसऱ्याला तेवढं पेरू नका.