मदत हवी आहे: चुलतभावाशी कसं बोलावं?

यवतमाळकडचे किंवा समुपदेशनाचा अनुभव असलेले कोणी आहे का इथे?

माझा चुलतभाऊ, वय चाळिशीच्या आत. कापूस गेला, पीककर्ज थकलंय. पण मला भीती वेगळीच वाटते. गेल्या आठवड्यात त्याने पासबुक, विम्याचे कागद, सगळं वहिनीच्या हातात दिलं आणि म्हणाला, 'आता तूच बघ.' रात्र रात्र जागा असतो. पारावर जाणं बंद.

वहिनीने फवारणीचं औषध घरातून हलवून शेजारच्या काकांकडे कुलपात ठेवलंय. हे फार बरं केलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही तिला दिलाय; मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पण दादा म्हणतो, 'मी काय येडा झालो का?'

'जीव द्यायचा विचार येतो का' असं सरळ विचारावं, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असं तज्ज्ञ सांगतात. मान्य. पण मोठ्या भावाला हे वऱ्हाडीत कोणत्या शब्दांत विचारायचं? शनिवारी गावी जातोय, तोवर घरचे त्याला एकटं सोडत नाहीयेत.

जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत कोणी घरच्यांना नेलंय का? तयार कसं केलंत? 'सकारात्मक विचार करा' छाप सल्ले कृपया नकोत.