परीक्षा आपण देतो, इंग्रजीत घेतात

भाची परदेशी विद्यापीठात अर्ज करते आहे. परवा तिने अर्जासोबतचं पत्र पाठवलं आणि खाली विचारलं, "मावशी, इंग्रजी बरोबर आहे ना गं?" व्याकरण बहुतेक ठीक होतं. तरी दुसऱ्याच वाक्याला मी अडखळले: ‘आय गेव्ह माय फायनल एक्झाम इन एप्रिल.’

कर्ता, क्रियापद, काळ, सगळं जागच्या जागी. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकाला वाटेल की ही शिक्षिका असावी आणि तिने कुणाची तरी परीक्षा घेतली असावी. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर घेतात. इंग्रजीत नेमकं उलटं: विद्यार्थी ‘टेक’ करतो, शिक्षक ‘गिव्ह’ करतो. ब्रिटनमध्ये विद्यार्थी परीक्षेला ‘सिट’ही करतो, आणि तो शब्द आपल्या ‘परीक्षेला बसणे’शी चपखल जुळतो. देणं-घेणं उलटं, बसणं मात्र सारखं! मला ही जोडी फार आवडते.

असं वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही, कारण चूक नियमाची नाही, शब्दांच्या सोबतीची आहे. चहा आपल्याकडे ‘कडक’ असतो, ‘कठोर’ कधीच नसतो. झोप ‘गाढ’ लागते, ‘खोल’ लागत नाही. तसा इंग्रजी चहा ‘स्ट्राँग’ असतो. ‘पॉवरफुल’ म्हटलं तर समोरच्याला कळेल, पण कानाला खटकेल.

त्याच पत्रात पुढे होतं: ‘आय अ‍ॅम लर्निंग जर्मन सिन्स टू इयर्स.’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणांच्या तोंडात आहे! त्याच्या खाली मराठी स्वच्छ दिसतं: ‘मी दोन वर्षांपासून जर्मन शिकतेय.’ आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं, ‘2023पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, मधला अवधी मोजायचा तर ‘फॉर’. शिवाय आपला ‘शिकतेय’ हा वर्तमानकाळ मागची दोन वर्षंही पोटात घेतो, इंग्रजीला तिथे ‘हॅव बीन लर्निंग’ लागतं. म्हणून ‘सिन्स’ काढून ‘फॉर’ घातलं तरी वाक्य अर्धंच सुधारतं. मी तिला क्रियापद आधी बदलायला लावलं.

आणि ‘डाउट’. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणून वर्गात हात वर करणारी पिढी आपण. मराठीत ‘शंका’ म्हणजे प्रश्नही आणि संशयही. इंग्रजी ‘डाउट’मध्ये संशयाचाच भाग मोठा. प्राध्यापकांना ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर लेक्चर’ लिहिलं तर त्यांना वाटेल, आपलं व्याख्यान हिला पटलेलं नाही. तिथे साधा ‘क्वेश्चन’ हवा.

पडताळायचं कसं, हे तिने विचारलं ते बरं झालं. माझी सवय अशी: संशयास्पद तीन-चार शब्दांचा तुकडा अवतरणचिन्हांत घालून शोधायचा आणि नुसते आकडे न मोजता तो कोण वापरतंय ते बघायचं. ‘डू द नीडफुल’चे निकाल भरपूर मिळतात, पण त्यातले कितीतरी भारतातले. यासाठी ग्लोब (GloWbE) नावाचा कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या भाषेचा शोधता येणारा संग्रह, उत्तम आहे. 20 देशांतल्या आंतरजालावरचं इंग्रजी, सुमारे 190 कोटी शब्द, देशवार वेगळे करून दाखवतो. ब्रिटिश इंग्रजीपुरतं बघायचं तर ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आहे, 10 कोटी शब्दांचा, पण तो गेल्या शतकाच्या अखेरीचा. अलीकडचे शब्द त्यात शोधू नयेत.

एक गोष्ट मात्र मी तिला ठासून सांगितली: भारतीय वापर दिसला की लगेच चूक म्हणायचं नाही. ‘प्रीपोन’ला ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जागा आहे, आणि मला तो शब्द मनापासून आवडतो. ‘पोस्टपोन’च्या उलट एका शब्दात बोलायची सोय आपण केली. पुण्यातल्या कचेरीत तो खुशाल लिहावा. लंडनच्या विद्यापीठाला लिहिताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ बरं, कारण वाचणाऱ्याला थांबावं लागू नये.

एका वाक्यावर आम्ही दोघी अजून अडलो आहोत. तिला लिहायचंय, ‘हा विषय मी आवडीनेच निवडला.’ पहिल्या मसुद्यात तिने शेवटी ‘ओन्ली’ लावला होता, आपल्या ‘च’च्या जागी. तो काढला, तर वाक्यातला जोर गेला. इंग्रज हा जोर बोलताना आवाजात आणतात, लिहिताना बहुतेकदा वाक्याची रचना बदलतात: ‘इट वॉज आउट ऑफ लव्ह फॉर द सब्जेक्ट दॅट...’ बरोबर आहे, पण बावीस वर्षांच्या मुलीच्या तोंडी जड वाटतं. ‘आय चोज इट बिकॉज आय लव्ह इट’ हलकं आहे, पण त्यात ‘च’ नाही. तिसरा काही पर्याय सुचतो का कुणाला? पत्र शुक्रवारी जायचंय.