मदत हवी आहे : १९९८ ते २००३ मधल्या मोटार-मासिकांचे अंक

नमस्कार मंडळी. आपल्याकडे गाड्यांचा शौक मासिकांनी कसा घडवला, यावर लेख लिहितो आहे. ‘ओव्हरड्राइव्ह’ १९९८ साली निघालं, ‘ऑटोकार इंडिया’ १९९९ साली. सँट्रो, मॅटिझ, इंडिका बाजारात आल्या तोच हा काळ. आधी गाडी घेताना लोक ॲव्हरेज विचारत आणि ओळखीच्या मेकॅनिकचं मत घेत. या मासिकांमुळे गाडी शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठते, ब्रेक कुठे कमी पडतात, वळणावर गाडी किती झुकते, यावर कॉलेजच्या कट्ट्यावर वाद व्हायला लागले. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

रोड टेस्टची, म्हणजे गाडी चालवून घेतलेल्या चाचणीची, पानं माझ्याकडे बऱ्यापैकी आहेत. हवी आहेत ती वाचकांची पत्रं आणि प्रश्नोत्तरं, कारण शौकीन माणूस तिथेच बोलतो. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत फोर्टातले फूटपाथवरचे पुस्तकवाले आणि ओळखीचे रद्दीवाले पालथे घातले. मिळतात ते सुटे, पानं कापलेले अंक. वाचनालयांत मासिकं वर्षाअखेरीस रद्दीत जातात, असंच उत्तर मिळालं.

अंक विकत नकोत, मोबाइलवर फोटो काढू दिले तरी पुरे. पुणे, मुंबई, नाशिकपर्यंत येऊ शकतो. भाषा इंग्रजी, मराठी कुठलीही चालेल.

या वर्षांचे अंक बाइंडिंग करून ठेवलेलं एखादं ग्रंथालय, इंजिनिअरिंग कॉलेज किंवा खासगी संग्रह कुणाला माहीत आहे का? आणि तिथे बाहेरच्या माणसाला बसून वाचू देतात का?