एप्सिलॉन-डेल्टा बीएस्सीच्या पहिल्याच वर्षाला हवं का?

जुनी वही
बारा वर्षं बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवतेय. त्यात सीमेची (लिमिटची) एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या येते: प्रत्येक एप्सिलॉनसाठी, म्हणजे उत्तरात चालेल इतक्या फरकासाठी, असा एक डेल्टा मिळतो, की क्ष ठरलेल्या बिंदूपासून (तो बिंदू सोडून) डेल्टाच्या आत राहिला तर उत्तर सीमेपासून एप्सिलॉनच्या आत राहतं. दर वर्षी तेच प्रश्न. "मॅडम, लिमिट तर बारावीत झालं, पुन्हा कशाला?" "ही व्याख्या पाठच करायची ना?" आणि मागच्या बाकावरून हळूच, "आधी डेल्टा की आधी एप्सिलॉन?" मला हा तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटतो. स्टाफरूममध्ये सध्या सूर असा की हे प्रकरण दुसऱ्या वर्षाला ढकलावं. माझा ठाम विरोध आहे. बारावीत मुलं किंमत घालून उत्तर काढतात. 'जवळ जातं' म्हणजे किती जवळ, हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. ते आणखी लांबवलं तर अजून एक वर्ष रीती घोकण्यात जाईल. तुम्हाला काय वाटतं?

सह्यकडा
ताई, मी पूर्ण विरोधात. कॅल्क्युलसचे न्यूटन-लायब्निझ सतराव्या शतकातले, आजची काटेकोर व्याख्या जर्मन गणिती वायरश्ट्रासच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात रुळली. मधल्या काळात गणिती ऑयलरने तिच्याशिवाय डोंगराएवढं काम केलं. गरज पडली ती चुका सापडायला लागल्यावर. फ्रेंच गणिती कोशीने १८२१च्या पुस्तकात लिहिलं की संतत फलांची (आलेख कुठे न तुटणाऱ्या फंक्शन्सची) श्रेणी अभिसारी असेल, म्हणजे पदं मिळवत गेलं की बेरीज ठरावीक किमतीकडे जात असेल, तर तिची बेरीजही संतत असते. १८२६ मध्ये नॉर्वेच्या गणिती आबेलने साइनची एक श्रेणी पुढे ठेवली: प्रत्येक पद संतत, बेरीज मात्र मध्येच उडी मारते! असं काही पाहिलेल्या मुलाला व्याख्या हवीशी वाटते. तुम्ही भूक लागायच्या आधीच ताट वाढता.

चिंचवडचा लेथवाला
मी डिप्लोमावाला, तरी बोलतो. ड्रॉइंगवर शाफ्ट २५ मिमी, अधिक-उणे ०.०२. टॉलरन्स गिऱ्हाईक आधी सांगतं, मग सेटिंग किती बारीक ठेवायची ते मी ठरवतो. उद्या त्याने ०.०१ मागितलं तर मी पुन्हा सेटिंग करतो. मुलगी एफवायला आहे, तिला म्हटलं, गिऱ्हाइकाचा एप्सिलॉन, माझा डेल्टा. तिला पटलं. यासाठी वर्षभर थांबायचं कशाला?

सह्यकडा
काका, उदाहरण झकास आहे. पण तुमच्याकडे गिऱ्हाईक एकच टॉलरन्स घेऊन येतं, व्याख्येत 'प्रत्येक' टॉलरन्स आहे. मुलं अडखळतात ती तिथेच, आणि तेही इंग्रजी वाक्यात. मी मराठी माध्यमातून तालुक्याच्या कॉलेजात गेलो. पहिल्या चाचणीत 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी' हे शब्द वाक्याच्या शेवटी टाकले. शून्य मिळालं. काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही, मला दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं. म्हणून म्हणतो, घाई नको.

जुनी वही
तुमच्यावर अन्यायच झाला. पण यावर उपाय उशीर नाही, मराठी आहे. मी आता फळ्यावर आधी दोन वाक्यं लिहिते. 'प्रत्येक कुलपाला एक किल्ली असते.' 'एक किल्ली अशी असते, की ती प्रत्येक कुलपाला लागते.' शब्द जवळपास तेच, क्रम बदलला की घरफोडीची वेळ. मग ३क्ष + १ घेते, क्ष २ कडे जातोय, सीमा ७. ७ पासूनचं अंतर हे २ पासूनच्या अंतराच्या तिप्पट, म्हणून डेल्टा एप्सिलॉनचा एक तृतीयांश. एप्सिलॉन बदलला की किल्ली बदलली. एकच डेल्टा सगळ्या एप्सिलॉनना चालायचा असेल, तर फल २ च्या आसपास स्थिर राहिलं पाहिजे, आणि हे तर चढतंय. इथे वर्गात दोन-तीन चेहरे उजळतात, दर वर्षी.
आबेलचं उदाहरण मात्र मी पहिल्या आठवड्यात आलेख काढून दाखवीन. तुमचं ते म्हणणं पटलं.

एमएस्सी भाग दोन
वर्ष कुठलंही ठेवा, पेपरात 'व्याख्या लिहा' असा प्रश्न आहे तोवर मुलं पाठच करणार. त्याऐवजी क्रम उलटा केलेलं वाक्य द्या आणि विचारा, हे कुठल्या फलासाठी खरं?

एफवाय, रोल नंबर नको
मॅडम, ३क्ष + १ जमलं. क्षच्या वर्गाला (क्ष २ कडे, सीमा ४) अडले. क्ष वर्ग उणे ४ चे अवयव पाडले की क्ष अधिक २ हा तुकडा मध्ये येतो, त्याचं काय करू? डेल्टामध्ये क्ष चालेल का?

जुनी वही
नाही चालणार, डेल्टा क्षच्या आधी ठरतो. आधी ठरव की क्ष हा २ पासून १ पेक्षा कमी अंतरावरच राहील. मग तो १ आणि ३ च्या मध्ये, म्हणजे क्ष अधिक २ हे ५ च्या आत. आता १ आणि एप्सिलॉनचा पाचवा भाग, यांतला लहान तो डेल्टा. घनाचं तू करून बघ, इथेच लिही.