रोजच्या चाकूला डी२ स्टील कशाला?
काही जण म्हणतात की स्टील जितकं कडक तितका चाकू चांगला, म्हणून डी२च (अवजारांसाठीचं कडक स्टील) घ्या. धार टिकते हे खरंय, पण डी२ मध्ये क्रोमियम १२ टक्के असलं तरी कार्बन दीड टक्का असतो, तो बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्येच (कार्बनशी बांधलेल्या कडक कणांत) अडकवून ठेवतो, गंज अडवायला उरतं थोडंच, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात किंवा लिंबू-कैरी कापून न पुसता ठेवला की डाग पडलेच समजा.

व्हिक्टोरिनॉक्स आपल्या स्विस चाकूची पाती ५६ रॉकवेलच्या (कडकपणा मोजायचं माप) आसपासच ठेवते. धार लवकर जाते, पण घरच्या दगडावर पाच-दहा मिनिटांत परत येते, आणि असल्या मल्टीटूलने (एकातच अनेक अवजारं असलेला चाकू) आपण दोरी, खोकी, फळं, वायरचं आवरण असलंच कापतो ना! थोडं जास्त बजेट असेल तर १४सी२८एन नावाचं स्टेनलेस स्टील बघा, त्यात नायट्रोजन घातलेला असतो, ६० च्या आसपास कडक होतं आणि तरी गंजाला चांगलं टिकतं, मला तरी रोजच्यासाठी हेच पटतं.

आणि हो, नुसतं 'स्टेनलेस' छापलेलं घेऊ नका, ग्रेड विचाराच. भांड्यांचं ३०४ सहसा गंजत नाही पण तापवून पाणी दिलं तरी कडक होत नाही, मग धार धरणार कुठून?